इंचातले वाफेचे इंजिन मिलिमीटरमध्ये आणताना

इंग्लंडच्या स्टुअर्ट टर्नर कंपनीचे '१०-व्ही' हे छोटे, उभे वाफेचे इंजिन अनेक मॉडेल बनवणाऱ्यांचे पहिले इंजिन ठरले आहे. सिलिंडरचा बोअर पाऊण इंच, स्ट्रोकही पाऊण इंच, फ्लायव्हील तीन इंची. हे ड्रॉइंग घेऊन छत्रपती संभाजीनगरातल्या चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये गेले, की पहिला प्रश्न येतो तो 'एमएममध्ये किती?' हा. पाऊण इंचाला २५.४ ने गुणले की १९.०५ हे उत्तर मिळते, पण त्याने काम पुढे सरकत नाही. कपाटातला रीमर १९ चा किंवा २० चा असतो, १९.०५ चा नसतो. पिस्टन रॉड ५/३२ इंचाचा, म्हणजे ३.९७ मिलिमीटर, त्या मापाचा ब्राइट बार दुकानात नसतो. बोल्ट ब्रिटिश 'बीए' आट्यांचे. तो टॅप शहरात शोधून सापडणे कठीण. इंजिनाच्या पंचवीस-तीस भागांत असे शे-दीडशे आकडे असतात आणि प्रत्येकापाशी काहीतरी ठरवावे लागते.

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न अधिक टोचतो. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याभोवती वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या लहान-मोठ्या उद्योगांची साखळी उभी राहिली. इंडो-जर्मन टूल रूम, आयटीआय, शासकीय तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी महाविद्यालय यांतून बाहेर पडणारी मुले शतांश मिलिमीटरची भाषा बोलतात. हात तयार आहेत, यंत्रे आहेत. मात्र वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलचे बहुतेक उत्तम आराखडे इंचात आहेत. ही दरी कशी पार करायची, त्याचे कोणते मार्ग आहेत आणि त्यांतला आपल्यासाठी कोणता, याचा हा आढावा आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: हे काम गुणाकाराचे नाही. प्रत्येक माप कशासाठी आहे हे ओळखण्याचे आहे, आणि ज्याला ते ओळखता आले त्याला इंजिनही कळले.

इंचाचा वारसा, आणि मीटरचा

पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये लंडनहून 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केले. घरच्या लेथवर खरे, वाफेवर चालणारे इंजिन बनवण्याचा छंद त्यातून पसरला. 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने साडेतीन इंची रुळांवरच्या 'टिच'सारख्या इंजिनांचे आराखडे सामान्य वाचकापर्यंत नेले. अमेरिकेत एल्मर व्हर्बर्ग यांनी लहान, सोप्या, बहुतांशी कास्टिंगशिवाय करता येणाऱ्या इंजिनांची मालिकाच दिली. हे सारे इंचात. ब्रिटनने १९६५ पासून उद्योग मेट्रिककडे वळवला, पण छंदाचे जुने आराखडे तसेच राहिले, कारण ते चांगले होते आणि चालत होते.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. मापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा; अंमल १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाला आणि १९६२ पर्यंत जुनी मापे व्यवहारातून काढली गेली. मीटर मात्र त्याआधीच आपल्या शहरात आला होता, आणि तोही वाफेच्या इंजिनाबरोबर. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या सरकारला भारतात मेट्रिक मापे येतील अशी अपेक्षा होती, म्हणून स्वस्त लोहमार्गांसाठी एक मीटर रुंदी निवडली गेली. मापे तेव्हा आली नाहीत, रुळांची रुंदी राहिली. निजामाच्या राज्यातला मनमाड-हैदराबाद मार्ग १९०० च्या सुमारास खुला झाला तो याच मीटरगेजवर. इंग्रजी कागदपत्रांत हीच रुंदी ३ फूट ३ ३/८ इंच अशी लिहीत. हिशोब केला तर ती १००० नव्हे, १०००.१२५ मिलिमीटर भरते. अष्टमांशाच्या अपूर्णांकात मीटर बसवताना मिलिमीटरचा आठवा हिस्सा उरला आणि रुळांना त्याने काहीच फरक पडला नाही. कुठली चूक चालते आणि कुठली नाही, हा या विषयाचा गाभा त्या एका आकड्यात आहे.

तीन मार्ग

१९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर. पाया पक्का आहे. त्यावर मार्ग तीन.

पहिला मार्ग: मापे तशीच ठेवायची, फक्त लेखन बदलायचे. ३/८ इंचाच्या जागी ९.५२५, १/४ च्या जागी ६.३५. परदेशातून कास्टिंगचा संच मागवला असेल तर हाच मार्ग सुरक्षित. कास्टिंगवर कापायला ठेवलेले धातूचे जास्तीचे अंग आधीच ठरलेले असते, भिंतींची जाडी ठरलेली असते. तिथे मोठे बदल केले तर एका बाजूला भिंत पातळ होते, दुसऱ्या बाजूला बॉस कमी पडतो. डिजिटल व्हर्निअर आणि डीआरओ (डिजिटल रीडआउट) असलेल्या यंत्रावर ९.५२ कापणे ९.५ कापण्याइतकेच सोपे आहे.

दुसरा मार्ग: प्रत्येक माप जवळच्या सोयीच्या मेट्रिक मापाला न्यायचे. ५/३२ इंच म्हणजे ३.९७, तो ४ करायचा. ५/१६ म्हणजे ७.९४, तो ८ करायचा. ही दोन मापे तर जुळी भावंडेच आहेत. ३/१६ (४.७६) मात्र ५ होतो, १/४ (६.३५) मात्र ६. एक वाढला, दुसरा घटला. सुटे पाहिले तर काही बिघडत नाही. पण एकमेकांत बसणारे भाग वेगवेगळ्या दिशेने सरकले की जुळणीच्या वेळी अडचण उभी राहते.

तिसरा मार्ग: संपूर्ण इंजिनाचे प्रमाणच किंचित बदलायचे. एक इंच म्हणजे २४ मिलिमीटर धरले, तर १/१६ चे १.५, १/८ चे ३, १/४ चे ६, १/२ चे १२, पाऊण इंचाचे १८ होतात. हे बार आणि ड्रिल सहज मिळतात. इंजिन साडेपाच टक्क्यांनी लहान होते. सिलिंडरचे आकारमान घनाच्या हिशोबाने सुमारे १६ टक्के घटते, म्हणजे पाऊण इंची सिलिंडरचे ५.४३ घनसेंमी जाऊन ४.५८ उरतात. टेबलावर फिरणाऱ्या मॉडेलला हे सहज परवडते. अडचण ३/१६ आणि ५/१६ ची: त्यांचे ४.५ आणि ७.५ होतात, तिथे ५ आणि ८ घेऊन जुळणारे भोक बदलावे लागते.

याच मार्गाचा एक भाऊबंद आहे. १/३२ इंच म्हणजे ०.८ मिलिमीटर धरायचे. मग पूर्ण इंच २५.६ चा होतो, इंजिन ०.८ टक्क्यांपेक्षाही कमी वाढते आणि प्रत्येक अपूर्णांक एका दशांशात बसतो: १/८ चे ३.२, ३/१६ चे ४.८, १/४ चे ६.४. भोकांची अंतरे आणि पोर्टची मापे यांसाठी ही युक्ती फार उपयोगी. बारच्या मापांसाठी मात्र निरुपयोगी, कारण ६.४ चा बार कुणी विकत नाही.

आट्यांचा गुंता

नवशिक्याला सगळ्यात जास्त भीती आट्यांची वाटते. थोडा इतिहास कळला की ती कमी होते. ब्रिटिश मॉडेलांत तीन घराणी भेटतात. व्हिटवर्थचे आटे, कोन ५५ अंश. मॉडेलसाठीचे 'एमई' आटे, तेही ५५ अंशांचे, पण बारीक: इंचाला ३२ किंवा ४० फेरे. आणि 'बीए', म्हणजे ब्रिटिश असोसिएशनचे आटे, कोन ४७.५ अंश.

यांतला बीए मुळात मेट्रिक आहे. १८८४ च्या सुमारास स्विस थ्युरी आट्यांवरून तो घेतला गेला. ० बीए म्हणजे ६ मिलिमीटर व्यास, १ मिलिमीटर पिच. पुढच्या प्रत्येक क्रमांकाची पिच आधीच्या ०.९ पट. त्यामुळे २ बीए ४.७ मिलिमीटर, ४ बीए ३.६, ६ बीए २.८, ८ बीए २.२, १० बीए १.७. मेट्रिक जोडीदार शोधणे मग अवघड राहत नाही: २ बीएला एम ५, ४ बीएला एम ४ किंवा मिळाला तर एम ३.५, ६ बीएला एम ३ किंवा एम २.५, ८ बीएला एम २, १० बीएला एम १.६.

यात एक जागा जपायची. ६ बीएचे नट सपाट बाजूंमध्ये सुमारे ४.९ मिलिमीटर असते, एम ३ चे ५.५. सिलिंडरच्या झाकणावर बोल्ट दाटीने असतात. तिथे एम ३ चे षट्कोनी डोके शेजारच्या कडेला टेकते. एम २.५ चे नट ५ मिलिमीटरचे, ते बसते आणि दिसतेही प्रमाणात. पण त्याचा गाभा ६ बीएपेक्षा बारीक असतो. म्हणून नियम असा: जिथे ताण आहे तिथे एम ३ घ्या आणि बोल्टवर्तुळ थोडे मोठे करा, जिथे फक्त झाकायचे आहे तिथे एम २.५ घ्या.

एमई आट्यांना मेट्रिक फाइन हा पर्याय. १/४ इंच × ४० फेऱ्यांची पिच ०.६३५ मिलिमीटर, त्या जागी एम ६ × ०.७५ चांगला बसतो. ५/१६ × ३२ च्या जागी एम ८ × ०.७५ किंवा एम ८ × १. वाफेच्या जोडांत बारीक पिच हवीच, कारण पातळ भिंतीत पुरेसे फेरे तिच्यामुळेच मिळतात. तिथे नेहमीचा एम ६ × १ चालवून घेऊ नये.

अमेरिकन आराखड्यांतले २-५६, ४-४०, ६-३२ हे आटे ६० अंशांचे, म्हणजे कोनाने मेट्रिकचेच. त्यांना अनुक्रमे एम २, एम ३ आणि एम ३.५ किंवा एम ४ जवळचे. कोणत्याही परिस्थितीत अर्धे बीए आणि अर्धे मेट्रिक असे एकाच इंजिनात मिसळू नये. दोन वर्षांनी उघडायची वेळ आली की चुकीचा बोल्ट चुकीच्या भोकात जातो आणि गनमेटलमधले आटे कायमचे जातात.

बाजारात काय मिळते

आपला बाजार पूर्ण मेट्रिक नाही, आणि ते आपल्या फायद्याचे आहे. फॅब्रिकेशनवाले आजही 'सूत' बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाण्याचा पाइप अर्धा इंची, पाऊण इंची म्हणूनच विकला जातो आणि त्याचे बीएसपी आटे मेट्रिक देशांतही इंचातच टिकले आहेत. अर्धा इंची पाइपचा बाहेरचा व्यास मात्र २१.३ मिलिमीटर असतो, १२.७ नव्हे, नाव आतल्या वाटेवरून आले आहे. प्रेशर गेजचा जोड १/४ किंवा १/८ बीएसपी असेल तर तो बदलायला जाऊ नये. तयार फिटिंग त्याच मापात मिळतात.

एसी दुरुस्त करणाऱ्याकडची तांब्याची नळी तर थेट आपल्या कामाची: १/४, ३/८, १/२ इंच, म्हणजे ६.३५, ९.५२ आणि १२.७ मिलिमीटर. वाफेच्या नळीसाठी ब्रिटिश ड्रॉइंगमधले १/४ इंच इथे जसेच्या तसे मिळते. त्या नळीभोवतीचे भोक ६ ला 'सुधारण्याचा' मोह टाळावा.

पत्रा आणि तार अजून गेजवर विकली जाते. ब्रिटिश एसडब्ल्यूजी आणि अमेरिकन गेज एक नाहीत. १६ एसडब्ल्यूजी म्हणजे १.६३ मिलिमीटर, अमेरिकन १६ एडब्ल्यूजी म्हणजे १.२९. आराखडा कोणत्या देशाचा, हे पाहिल्याशिवाय गेजचा आकडा वाचू नये, आणि दुकानात गेजवर विसंबण्यापेक्षा मायक्रोमीटर लावून पत्रा घ्यावा. जुन्या ड्रॉइंगमधली नंबर ड्रिल आणि लेटर ड्रिल ब्रिटनमध्येच केव्हाच मागे पडली, ०.१ मिलिमीटरच्या पायऱ्यांचा ड्रिल संच त्यांची जागा जवळजवळ पूर्ण घेतो. एम २ ला १.६ चे ड्रिल, एम २.५ ला २.०५, एम ३ ला २.५, एम ४ ला ३.३, एम ५ ला ४.२.

ज्या मापांना हिशोब लागतो

आतापर्यंतची मापे बदलता येण्यासारखी होती. काही मापे एकमेकांना बांधलेली असतात. स्लाइड व्हॉल्व्ह हे त्याचे उत्तम उदाहरण. समजा वाफेचा पोर्ट ३/३२ इंच रुंद आहे आणि व्हॉल्व्हचा लॅप, म्हणजे व्हॉल्व्ह मध्यावर असताना पोर्टच्या कडेपलीकडे जाणारा भाग, १/३२. पोर्ट पूर्ण उघडायचा तर व्हॉल्व्हची एकूण चाल या दोघांच्या बेरजेच्या दुप्पट हवी, म्हणजे १/४ इंच. आणि एक्सेंट्रिकचे केंद्र शाफ्टच्या केंद्रापासून १/८ इंच सरकलेले हवे.

आता कुणी प्रत्येक माप स्वतंत्रपणे जवळच्या अर्ध्या मिलिमीटरला नेले, तर पोर्ट २.५, लॅप १, एक्सेंट्रिक ३. प्रत्येक आकडा एकटा पाहिला तर निर्दोष. पण चाल ६ मिळते आणि गरज ७ ची आहे. व्हॉल्व्ह मध्यापासून ३ सरकतो, त्यातला १ लॅपमध्ये जातो, पोर्ट २.५ पैकी २ च उघडतो. इंजिन फिरते, पण दमते, आणि दोष कुठे आहे ते बनवणाऱ्याला सापडत नाही. तेच २५.६ च्या युक्तीने केले तर पोर्ट २.४, लॅप ०.८, एक्सेंट्रिक ३.२, बेरीज बरोबर. २४ च्या प्रमाणाने २.२५, ०.७५ आणि ३, तीही बरोबर. कारण तिथे आकडे सुटे नाहीत, सगळे एकाच पटीने बदलले आहेत.

म्हणून सूत्र असे: मूळ मापे आधी ठरवा, अवलंबून असलेली मापे त्यांच्यावरून नव्याने काढा. पोर्ट आणि लॅप ठरवला की चाल काढायची, चालीवरून एक्सेंट्रिक. स्ट्रोक ठरवला की क्रँकची त्रिज्या त्याच्या निम्मी, मग पिस्टन दोन्ही टोकांना झाकणापासून किती सुटतो ते तपासायचे. भोकांची अंतरेही अशीच. एका भोकापासून दुसरे, दुसऱ्यापासून तिसरे असे प्रत्येक अंतर वेगळे पूर्णांकात आणले तर चूक साठत जाते; एक कड आधार धरून सगळी अंतरे तिथून मोजली तर साठत नाही.

बसण्याच्या सैलपणाचेही तसेच. जुन्या लेखांत 'दोन थाऊ सैल' असे असते. एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर, तेव्हा दोन थाऊ म्हणजे साधारण ०.०५. आपल्या टर्नरला याहून चांगली भाषा येते: १० मिलिमीटरच्या भोकाला एच ७ म्हटले की तो ०.०१५ पर्यंतच मोठे करतो. मेट्रिकमध्ये नव्याने काढलेल्या ड्रॉइंगवर ही सैलाची चिन्हे लिहिली, तर मूळ आराखड्यापेक्षा ते अधिक नेमके होते.

रुळांचे माप बदलू नये

टेबलावरच्या इंजिनाकडून रुळांवरच्या इंजिनाकडे गेले की एक माप हात न लावण्याचे असते: रुळांमधले अंतर. पाच इंच म्हणजे नेमके १२७ मिलिमीटर. ते सोयीसाठी १२५ केले तर इंजिन दुसऱ्या कुणाच्याही रुळांवर चालणार नाही.

आपल्या परिसरासाठी हे माप भाग्याचे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर सुरू झाली. ७६२ ला ६ ने भागले की बरोबर १२७ येतात. बार्शीच्या इंजिनाचे १:६ प्रमाणातले मॉडेल पाच इंची रुळांवर तंतोतंत बसते. संभाजीनगरहून धावलेल्या मीटरगेज इंजिनांना हेच रूळ १:८ च्या जवळ नेतात. नेमका आकडा १:७.८७.

मापांची सरमिसळ मॉडेल रेल्वेच्या जगात नवी नाही. पुण्यातल्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयातली विजेवरची एचओ मॉडेले १:८७ ची आहेत, आणि तो विचित्र आकडा एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरल्यामुळे आला आहे. जगभर हे मिश्र माप निर्वेध चालते, कारण ते सर्वांनी एकच ठरवले आहे.

बॉयलरला पूर्णांक माफ नाही

बॉयलरबद्दल एकच दिशा आहे: जाडी वरच्या मापाला न्यायची, खालच्या नव्हे. तीन इंची तांब्याच्या बॉयलरला १६ एसडब्ल्यूजी, म्हणजे १.६३ मिलिमीटर सांगितले असेल आणि दुकानात १.२ चा पत्रा मिळाला, तर भिंतीतला ताण तृतीयांशाहून अधिक वाढतो. १.६३ मिळाला नाही तर २ घ्यावा. दाबाच्या एककाकडेही लक्ष हवे. ६० पीएसआय म्हणजे ४.१ बार किंवा ४.२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. गेजच्या तबकडीवर कोणते एकक छापले आहे ते पाहूनच सेफ्टी व्हॉल्व्ह लावावा.

कायद्याच्या इतिहासातही इथे मापांतर आहे. १९२३ च्या बॉयलर कायद्यातली पाच गॅलनची मर्यादा पुढे २२.७५ लिटर अशी लिहिली गेली आणि २००७ च्या दुरुस्तीने २५ लिटर झाली. मॉडेलचे बॉयलर त्याहून कितीतरी लहान, म्हणून तपासणारा निरीक्षक येत नाही. सारी जबाबदारी बनवणाऱ्यावर येते. चालवण्याच्या दाबाच्या दुप्पट दाबाने पाण्याची चाचणी घ्यावी, हा मॉडेल बनवणाऱ्यांचा जुना दंडक आहे आणि तो पाळावा. नवशिक्याने पहिले इंजिन कॉम्प्रेसरच्या हवेवर, कमी दाबाने चालवावे. ते तितकेच सुंदर फिरते.

कोणता मार्ग घ्यावा

निष्कर्ष स्पष्ट आहेत. परदेशी कास्टिंग असतील तर मापे दशांशात जशीच्या तशी ठेवा, फक्त आटे मेट्रिक करा. बारमधून सगळे कापणार असाल, आणि आपल्याकडे बहुतेकांना तेच सोपे, तर एक इंच म्हणजे २४ मिलिमीटर धरून पूर्ण आराखडा नव्याने काढा. व्हॉल्व्हचा हिशोब स्वतः करा. रूळ, तयार नळ्या आणि बीएसपी जोड यांना हात लावू नका. अमेरिकन ड्रॉइंग असेल तर ते थर्ड अँगल प्रोजेक्शनमध्ये असते आणि आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, हे विसरलात तर डाव्या बाजूचा भाग उजवीकडे कापला जाईल. इंचाचे आटे लेथवरच पाडायची वेळ आली तर १२७ दातांचे चाक लागते. ते नसेल तर ८० आणि ६३ दातांची जोडी जवळजवळ तेच काम करते.

एक मागणी या शहराकडे आहे. तंत्रनिकेतन आणि आयटीआयमध्ये दरवर्षी प्रकल्प होतात. त्यांतल्या एका गटाने एक साधे उभे इंजिन घेऊन त्याचे मेट्रिक, मराठीतले, सैलाच्या चिन्हांसह पूर्ण ड्रॉइंग करावे, त्यावरून इंजिन बनवून चालवून दाखवावे आणि मूळ आराखड्याच्या हक्कांची परवानगी पाहून ते सर्वांसाठी खुले ठेवावे. सव्वाशे वर्षे इंचात साठलेले हे ज्ञान आपल्या हातांच्या भाषेत आणण्याची ताकद चिकलठाणा आणि वाळूजमध्ये आहे. एक चांगले ड्रॉइंग झाले, की पुढच्या प्रत्येक मुलाला गुणाकारापासून सुरुवात करावी लागणार नाही. त्याला थेट लेथपासून सुरुवात करता येईल.